बिनशिंग्याचं आवतन

"अंगठा आत नका घालू, मॅडम! हात मोडते!"

डॉक्टर लांजेवार माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. कुरखेड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. खोली त्यांच्या शेजारची मिळाली होती आणि दोन्ही घरांच्या सामाईक अंगणातल्या हातपंपावर मी बादली भरत होते. हातपंपाने कुणाचा हात मोडल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी घाबरून दांडा सोडला आणि मागे सरले.

लुंगी आणि बनियन घातलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ पुढे आले. त्यांनी दांडा धरून दाखवला. चार बोटं वरून, आणि अंगठाही त्याच बाजूला, बोटांना चिकटून.

"हे असं धराचं. उलटा झटका बसला तं हात आपोआप सुटून जाते. अंगठा पलीकडून लपेटला का मनगट गेलं म्हून समजा."

"पण पंप उलटा झटका कशाला देईल?"

"पंप नाई देत," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मोटार देते."

आतून त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा, आवाज आला. "अहो, त्या पोरीले पाणी तं भरू द्या! आजच आली ते. मोटार उद्या सांगा!"

उद्या सांगितलीच. परवाही सांगितली. त्यानंतर मी कुरखेड्यात होते तोवर मला मोटारीशिवाय आठवडा गेल्याचं आठवत नाही.

डॉक्टर लांजेवार सरकारी पशुवैद्य होते. गावच्या भाषेत ढोरडॉक्टर. मोपेडच्या मागे औषधांची पेटी बांधून ते रानातल्या गावागावांत फिरायचे. अडलेली गाय, फुगलेली म्हैस, खांद सुजलेला बैल, काहीही असो, निरोप आला की निघाले. हात हलका, बोलणं गोड, आणि ढोराच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटायची सवय. "का बोलता हो तुम्ही त्यांच्याशी?" असं विचारलं तर म्हणायचे, "नाव सांगतो माह्यं. अनोळखी माणसानं सुई टोचली तं तुमाले चालन का?"

हे झालं त्यांचं पोट भरायचं काम. जीव अडकला होता तो मोटारीत. तोही सगळ्या मोटारींत नाही, फक्त पहिल्यावहिल्या. जगात मोटार जन्माला आली तेव्हापासून ती बटण दाबून सुरू व्हायला लागली तोपर्यंतच. त्यानंतरच्या गाड्यांबद्दल त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "सेल्फ आला अन् मोटार मेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दारावरून नवी चकचकीत गाडी गेली तर ते मान वर करूनसुद्धा बघत नसत. म्हणायचे, "इच्यात का पाहाचं? हे तं चालतेच. मोटार म्हंजे का, मॅडम? चालन का नाई ते माहीत नसतानी जे निघते, त्याले मोटार म्हन्तेत. मोटारीचं कधी सांगता येत नाई."

आणि गंमत म्हणजे ह्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. खात्याची जीप होती, ड्रायव्हर होता, शिकायला कुणी अडवलं नव्हतं. पण नाही. शिकायचं तर हँडल मारून सुरू होणाऱ्या मोटारीवर, नाहीतर नाही. नागपूरला पशुवैद्यकाचं शिकत असताना त्यांनी एका मिरवणुकीत अशी एक मोटार लांबून पाहिली होती. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, आणि पुढे वाकून हँडल फिरवणारा घामाघूम माणूस. ती सुरू झाली तेव्हा ह्यांच्या अंगावर काटा आला. गर्दीतून वाट काढत जवळ गेले, तर "हात लावू नका" म्हणून कुणीतरी मागे लोटलं. तेवढंच. पण त्या दिवसापासून एकच इच्छा राहिली, की एकदा, आयुष्यात एकदा, आपल्या हाताने हँडल मारून असली मोटार जागी करायची. ही इच्छा ते लपवत नसत. कुरखेड्यात शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती.

मी इतिहासाची, त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसले की हाक यायची. "मॅडम, तुमच्या पुस्तकात लढायाच लढाया. माणसानं बैल कवा सोडला ते कुठी आहे?" मग सुरू. फ्रान्समधल्या कुणा लष्करी माणसाने तोफा ओढायला वाफेची गाडी केली, तिच्या तोंडाशी भला मोठा हंडा, आणि ती म्हणे भिंतीवर जाऊन आदळली. "भिंत होती म्हून थांबली," डॉक्टर म्हणायचे. "ब्रेक नावाची गोष्ट अजून सुचाचीच होती ना!" हे सांगताना ते असे हसायचे, जणू ती भिंत ह्यांच्याच घराची होती.

पण सगळ्यात लाडकी होती जर्मनीतली एक बाई. मोटारीचा शोध लावणाऱ्याची बायको. तिचं नाव उच्चारायला अवघड म्हणून डॉक्टर तिला नुसतं "जर्मन वहिनी" म्हणत. नवरा मोटार बनवून बसला, पण बाहेर काढायला धजेना. लोकांचाही विश्वास बसेना. तेव्हा ही बाई एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, दोन्ही पोरं बरोबर घेऊन मोटार काढून थेट माहेरी निघाली. वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. तार उघडी पडली तर पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजला तर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं.

"अन् पोचली!" डॉक्टर टाळी वाजवायचे. "इतिहासात नाव झालं!"

सुमनकाकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "नवऱ्याले न सांगता माहेरी गेली म्हून नाव झालं होय? मी तं सांगून सांगून थकली, मले कोनी बस स्टँडवर बी सोडून देत नाई."

दुसऱ्या दिवशी मोपेडवर काकूंना मागे बसवून ते स्वतः राजुऱ्याला, त्यांच्या माहेरी, जायला निघाले. एवढं लांब आणि मोपेड! वडशाच्या अलीकडेच गाडी बंद पडली, पुढचा प्रवास एसटीने झाला, आणि काकू परत आल्यावर महिनाभर कंबर धरून चालत होत्या. पण मी पाहत होते, बाया आल्या की ती हकीकत त्या स्वतःच काढायच्या. "मोटारीचं सांगता येत नाई बाप्पा," असं अगदी डॉक्टरांच्या सुरात म्हणून हसायच्या.

लाल फडक्याचंही सांगायला हवं. विलायतेत सुरुवातीला कायदाच होता, की मोटारीच्या पुढे एका माणसाने लाल झेंडा घेऊन चालायचं आणि लोकांना सावध करायचं. तर गावातल्या एका ठेकेदाराने नवी मोठी गाडी घेतली आणि नारळ फोडायला डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि खिशातून लाल फडकं काढून गाडीपुढे चालायला लागले. भर आठवडी बाजारातून. मागे ठेकेदार हॉर्न वाजवतोय, पुढे डॉक्टर फडकं हलवत थांबून थांबून भाजीवाल्यांना विलायतेचा कायदा समजावतायत. बैलगाड्या पुढे निघून गेल्या. ठेकेदार इतका तापला, की डॉक्टरांशी बोलणं टाकीन म्हणाला. पण नंतर काय झालं कोण जाणे, ते लोकांना आवडलं. पुढे कुरखेड्यात कुणीही ट्रॅक्टर घेवो की मोटारसायकल, लाल फडक्याला डॉक्टर हवेतच. ठेकेदाराच्या पोराने दुसरी गाडी घेतली तेव्हा ठेकेदार स्वतःच बोलवायला आला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट ते जरा वेगळ्या आवाजात सांगायचे. त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. फार पूर्वी, गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच होता, तेव्हा सागवान बघायला कुणी साहेब मोटार घेऊन ह्या रानात शिरला. साहेब परत गेला. मोटार गेली नाही.

"पुरावा?" मी विचारायची.

"ऐकीव आहे."

"ऐकीव म्हणजे इतिहास नाही, डॉक्टर."

"मले माहीत आहे ना. म्हून तं शोधून राह्यलो."

आणि खरंच शोधत होते. ज्या गावी ढोर बघायला जायचे तिथे औषध देऊन झालं की विचारायचे, जुनं लोखंड कुठी पडलं आहे का? लोकांनी मोडके नांगर दाखवले, विहिरीचे रहाट दाखवले. एकदा तर हातगाडीचं चाक उलटंपालटं करून ते तासभर बघत बसले होते.

नागपूरला भैयासाहेब म्हणून एक बडे गृहस्थ होते. जुन्या मोटारी जमवायचा त्यांना नाद होता, मोठी शेड भरून मोटारी होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याशी फोनवरून ओळख काढली होती. भैयासाहेबांना ह्या माणसाची मौज वाटायची, आणि एकदा ते म्हणाले होते, "डॉक्टर, तुमच्या रानातली ती मोटार मला मिळवून द्या, माझ्याकडची सगळ्यात जुनी तुमच्या हातानं सुरू करू देतो. शब्द आहे माझा." तो शब्द डॉक्टरांनी मला इतक्या वेळा ऐकवला, की मला पाठ झाला.

त्या वर्षी पोळा जवळ आला होता. रानातल्या एका गोंड गावातून निरोप आला, बैलाची खांद सुजली आहे. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. डॉक्टर गेले. बैल सोमारीबाईंचा होता. सोमारीबाई म्हणजे त्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, की पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकाल तेव्हा ह्या बैलाला गरम हळद लावू नका, जखम आहे. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावून शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण, म्हणजे आवतन, देतात.

"नाई लावत, जी," बाई म्हणाल्या. "बाकीच्यायले लावतो. अन् बिनशिंग्याले."

बिनशिंगी बैल! डॉक्टरांमधला पशुवैद्य जागा झाला. जन्मतः शिंगं नसलेला बैल आपल्याकडे कुठून आला? कधी दाखवायला आणला नाही, टोचायला आणला नाही. ते म्हणाले, "मले दाखवा."

बाई त्यांना गोठ्याच्या मागे मोहाच्या झाडाखाली घेऊन गेल्या.

ते परत आले तेव्हा मी अंगणातच होते. मोपेड लावायचीही शुद्ध नव्हती, ती पंपाला टेकवली आणि पडली. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्यावर चिखल. "मॅडम, चार सिलिंडर! दोन-दोनच्या जोडीनं ओतलेले! दोन पाट्या शाबूत, खालचे कमानपट्टे शाबूत, अन् पुढं हँडलचं भोक!" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी बैल पाहाले गेलो, मॅडम. मोटार भेटली."

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी नागपूरला फोन लावला. भैयासाहेब म्हणाले, पोळा झाला की येतो, क्रेनची गाडी सोबत आणतो, गावाला काय द्यायचं ते देऊ. आणि आपला शब्द ते विसरले नव्हते. फोन ठेवून डॉक्टर हातपंपाशी गेले, दांडा धरला, अंगठा बोटांच्या बाजूला, आणि उगाचच पाणी काढत राहिले. सुमनकाकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी काही टोमणा मारला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला ती मोटार दाखवायला डॉक्टर घेऊन गेले. इतिहासवालीला पुरावा दाखवायचा होता. गाव धुतलेलं दिसत होतं, नाल्यावर बैल धुवून आणलेले, दारोदार तुपाचा वास. मोहाखाली मी पाहिलं तेव्हा मला प्रथम काहीच कळलं नाही. काळपट लोखंडाचा एक ढिगारा, अर्धा मातीत. मग डॉक्टरांचं बोट जिथे जिथे जाईल तिथे तिथे ते दिसायला लागलं. हा पुढचा कणा. ह्या दोन लांब पट्ट्या, ह्यांवर सगळं उभं होतं. हे इंजिन. लाकूड गेलं, पितळ गेलं, कातडं गेलं, लोखंड राहिलं. मी हात लावला. मला खरंच कुतूहल वाटलं, की ह्यात कोण बसलं असेल, कुठल्या वाटेने आलं असेल, आणि बैल ह्याला पाहून किती बुजले असतील.

आणि तेवढ्यात मला दिसलं की ते लोखंड पिवळं आहे. जिथे पुढचा कणा मातीतून वर आला होता तिथे हळदीचे थर होते, वर्षानुवर्षांचे, तेलकट, काळ्यावर पिवळे.

सोमारीबाई पितळीत तूप-हळद घेऊन आल्या. मागे गावातले चार-सहा जण. आधी सगळ्या बैलांची खांद शेकून झाली होती. दुखऱ्या बैलाला नुसतं कपाळाला लावलं होतं, डॉक्टरांचं ऐकून. मग त्या मोहाखाली बसल्या, पळसाचं पान तुपात बुडवलं आणि त्या लोखंडी कण्यावर फिरवलं, अगदी बैलाला फिरवतात तसं, दुखेल म्हणून हलकं. मग वाकून म्हणाल्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

डॉक्टर उभे होते ते खाली बसले.

"बाई," त्यांनी विचारलं, "ह्याले आवतन काऊन?"

"बैल आहे म्हून."

"कोनाचा बैल?"

सोमारीबाईंनी सांगितलं. त्यांच्या आजेसासऱ्याच्या वेळची गोष्ट. साहेबाची गाडी नाल्यात फसली. साहेबाने गावातली बैलजोडी मागितली. पावसाचे दिवस, चिखल छातीपर्यंत. बैलांनी गाडी ओढून वर आणली, इथवर आणली, आणि त्यातला एक बैल इथेच बसला तो उठला नाही. छाती फाटली. साहेब म्हणाला, गाडी नीट करणारा माणूस घेऊन येतो, आणि गेला. आला नाही. पुढे पोळा आला. जोडीतला एक बैल उभा, दुसऱ्याची जागा रिकामी. आजेसासरे म्हणाले, ज्याच्यापायी आपला बैल गेला त्यानंच बैलाच्या जागी उभं राहावं.

"आमचा बैल खाऊन बसला ना हा," बाई म्हणाल्या, रागाने नव्हे, घरातल्याबद्दल बोलावं तसं. "आता हाच बैल. आवतन नाई देलं तं त्याची जागा रिकामी राह्यन."

परत येताना पूर्ण रस्ताभर डॉक्टर बोलले नाहीत. मोटारीबद्दल न बोलता डॉक्टर इतका वेळ गप्प राहिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला भीती वाटली. कारण क्रेन येणार होती, आणि ती ह्यांनीच बोलावली होती.

पोळा झाला आणि भैयासाहेब आले. पांढरी शुभ्र गाडी आमच्या अंगणात मावेना. काकूंनी चहा केला. मी पायरीवर बसले होते. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर.

"चला, डॉक्टर," भैयासाहेब म्हणाले, "क्रेन आरमोरीपर्यंत येऊन थांबलीय."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "माफी करा, भैयासाहेब. चूक झाली माह्यी. ते मोटार नाई. धानाच्या गिरणीचं जुनं इंजिन आहे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. हा माणूस मोटारीच्या बाबतीत थाप मारू शकत नाही, हे मी पैजेवर सांगितलं असतं. जर्मन वहिनीच्या गोष्टीत मी एकदा गमतीने आणखी एक पोर घातलं होतं, तर ते मला भर लग्नाच्या पंगतीत दुरुस्त करायला आले होते.

"पण फोनवर तुम्ही चार सिलिंडर म्हणालात."

"चिखल होता. खुशीत माणसाले का बी दिसते. मंग धुवून पाह्यलं."

भैयासाहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीही पाहिलंत?"

"मला लोखंडातलं काय कळतंय?" मी म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

भैयासाहेबांनी क्षणभर डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. मग पाठ टेकून हसले. "जाऊ दे. तुम्ही नाही म्हणताय म्हणजे नाहीच. तुमच्या तावडीतून मोटारीचा खिळासुद्धा सुटायचा नाही." आणि उठता उठता म्हणाले, "पण डॉक्टर, जन्मभर मोटारीवर बोलता आणि गिरणीचं इंजिन ओळखता येऊ नये? तुम्ही आपली ढोरंच तपासा."

डॉक्टरही हसले. मला त्या हसण्याचा राग आला, भैयासाहेबांच्याही आणि डॉक्टरांच्याही.

भैयासाहेब गाडीशी पोचले तेव्हा सुमनकाकू भराभर पायऱ्या उतरल्या. ओल्या हातांनी पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, एक म्हन्तो. ह्यायले एक डाव तुमच्या त्या मोटारीचं हँडल फिरवू द्या ना. एकच डाव. बाकी काई नाई मांगत."

"बघू, वहिनी," भैयासाहेब म्हणाले. "आधी मोटार ओळखायला तरी शिकू देत."

गाडी गेली. अंगणात धूळ होती. डॉक्टर बायकोकडे बघत उभे होते आणि काकू डोळ्यांत धूळ गेल्यासारखं करत होत्या. संसारभर त्यांनी ज्या वेडाची टिंगल केली त्यासाठी त्यांनी परक्या माणसापुढे पदर पसरला होता. मी आपली आत निघून आले, कारण मला रडू आलं.

बातमी बाजारात पोचायला कितीसा वेळ! "गिरणीवाले डॉक्टर" हे नाव पडलं. लाल फडकं घेऊन निघाले की पोरं मागून ओरडायची, "डॉक्टर, ट्रॅक्टरच आहे ना? का गिरणी?" ते फडकं हलवून दाद द्यायचे. भैयासाहेबांचा फोन पुन्हा आला नाही.

एकदा मी विचारलंच. "वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. गंज वाटते, लय वाटते." ते पंपाच्या दांड्याकडे बघत होते. "पन मॅडम, मी ढोरडॉक्टर आहो. ज्या गोठ्यात औषध द्याले गेलो तिथला बैल मीच बाहेर काढू का? अन् खोटं नाई म्हटलं असतं तं भैयासाहेब थांबले असते का?"

"पण इतिहासाचं काय? एवढा शोधलात, सापडला, आणि कुणाला सांगायचाच नाही?"

त्यावर ते म्हणाले, "सापडला ना. मले तेवढंच पाह्यजे होतं, का होता का नाई."

ते तेवढंच नव्हतं. हँडलचं काय, ते मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत.

मग ते निवृत्त झाले. माझी बदली ठरली, ती लांबली. एका उन्हाळ्यात डॉक्टर गेले. अचानक, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांच्या अंत्ययात्रेपुढे ठेकेदाराचा पोरगा लाल फडकं घेऊन चालला. लोकांना ते विचित्र वाटलं नाही. इतिहासाच्या हिशेबाने मला आता ही गोष्ट लिहायला हरकत नाही, पण गावाचं नाव मागू नका. कुरखेड्याच्या भोवती मोहाची झाडं पुष्कळ आहेत.

मला डॉक्टर आठवतात ते मात्र जाण्याआधीच्या त्यांच्या शेवटच्या पोळ्याचे. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघंही त्या गावी गेलो होतो, काकूसुद्धा. डॉक्टरांनी गोणपाटात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. मोहाखाली सोडलं तर हँडल. घुग्घुसच्या एका लोहाराकडून ठोकून घेतलेलं, दोनदा वाकवलेलं, जुन्या चित्रांत असतं तसं. आधी दोन-चार फेऱ्यांत त्यांनी रॉकेल ओतून ओतून ते पुढचं भोक साफ केलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"बाई," त्यांनी सोमारीबाईंना विचारलं, "लावून पाहू का?"

"आधी शेकू द्या. मंग लावा."

बाईंनी शेकलं. आवतन दिलं. मग उठून बाजूला झाल्या आणि डॉक्टर पुढे झाले. गुडघे जरा वाकवले. हँडल भोकात सारलं, ते खट् करून बसलं. त्या लोखंडाच्या जवळ तोंड नेऊन ते काहीतरी पुटपुटले. नाव सांगितलं असणार. मग दोन्ही पाय रोवले आणि दांडा धरला. चार बोटं वरून, आणि अंगठा त्याच बाजूला, बोटांना चिकटून, झटका बसला तर हात सुटून यावा म्हणून.

काकूंनी पदर तोंडाशी धरला. बैल रवंथ करत होते.

"डॉक्टर," सोमारीबाईंनी हळूच विचारलं, "उठते का हा?"

डॉक्टरांनी मान वळवली नाही. पकड घट्ट केली.

"सांगता येत नाई, बाई," ते म्हणाले. "मोटार आहे."